बायका मोजा

एप्रिल १९३०. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये, एल डोराडो रस्त्यावर उभे आहात. शनिवारची संध्याकाळ. दिवसभर ॲस्परॅगसचे कोंब कापून, अंगावरची खाजरी धूळ धुऊन तरणी फिलिपिनो पोरं मॅकिंटॉशचे सूट घालून बाहेर पडली आहेत. न्हाव्याकडे गर्दी, पूलच्या टेबलांभोवती गर्दी, दहा सेंटांत एक नाच मिळणाऱ्या हॉलबाहेर तर रांगच.

आता एक काम करा. या गर्दीत फिलिपिनो बायका किती, ते मोजा.

लवकर आटपलं ना? राज्यात तीसेक हजार फिलिपिनो आहेत. बाईमागे चौदाच्या आसपास पुरुष. शेतमालकांना हात हवे होते, बिऱ्हाडं नको होती. १८९८पासून फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात, म्हणून ही पोरं बोटीतून थेट येऊ शकतात. नागरिक मात्र होऊ शकत नाहीत. गोऱ्या मुलीशी लग्न करायचं म्हटलं तर कायदा आडवा. तो फिलिपिनोंना लागू नाही, असं १९३३मध्ये कोर्ट म्हणेल, आणि विधिमंडळ तातडीने कायद्यात ‘मलय’ वंशाचं नाव घालून मोकळं होईल. नुसतं नाचलं तरी धोका आहेच. तीनच महिन्यांपूर्वी वॉटसनव्हिलमध्ये या नाचांवरूनच दंगल पेटली आणि बावीस वर्षांचा फर्मिन टोबेरा गोळी लागून मेला.

अशा वस्तीत मूल जन्माला आलं की बाप्तिस्म्याला बघा काय होतं. एका तान्ह्याला धर्मपिते किती? डझनांनी! कधीच बाप न झालेले हे सगळे सुटाबुटात फोटोला उभे राहतात, पोराच्या नावाने पैसे देतात. लोकसंख्येच्या तक्त्यात ही माणसं निपुत्रिक. तक्त्यांना काय कळतंय!

पुढे सरका. १९३४ : फिलिपिन्सला स्वातंत्र्याचं वचन, आणि बदल्यात वर्षाला ५० जणांनाच प्रवेश. अख्ख्या देशातून एक एसटी भरेल, एवढेच. १९४६ : कोटा १००, आणि नागरिकत्वाचा हक्क. त्याच कायद्याने भारतीयांनाही तेवढंच मिळालं.

सप्टेंबर १९६५, कॅलिफोर्नियातलंच डेलानो. फिलिपिनो हॉलमध्ये कामगार नेता लॅरी इटलिऑंगबरोबर द्राक्षमळ्यांतला संप पुकारणारे बघा. तीच पिढी, केस पांढरे, बरेच अजून एकटे. महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, अध्यक्ष जॉन्सन स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही करतात. हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असंही सांगून टाकतात. तो पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशातून २०,००० जणांपर्यंत वाट देतो. नागरिकांचे जोडीदार, अल्पवयीन मुलं आणि आईवडील त्या आकड्याबाहेर. (तुमच्या ओळखीतले न्यू जर्सीचे काकाही बहुधा याच वाटेने गेले.)

१९८०. सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेली डेली सिटी. रात्रपाळी संपवून एक फिलिपिनो नर्स घरी येते आहे. तिच्यामागून नवरा आला, मग मुलं. नागरिक झाल्यावर तिने आईला बोलावलं, आता भावाचा अर्ज भरला आहे. १९७०च्या जनगणनेत देशभरात ३.४३ लाख फिलिपिनो होते, या वर्षी ७.७५ लाख. स्टॉकटनच्या जुन्या वस्तीवरून एव्हाना हमरस्ता गेला आहे.

डेली सिटीत एवढं धुकं का पडतं, ते इथल्या कुणालाही विचारा. सांगतील, संध्याकाळी सगळ्यांचे राइस कुकर एकदम लागतात ना!