इंजिन न उतरवता कॅमशाफ्ट बदलताना

जुन्या ट्रकचा कॅमशाफ्ट झिजला, की इंजिन खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, असा समज सर्रास आढळतो. १९७० च्या दशकातील शेव्हर्ले सी-१० या अमेरिकी पिकअप ट्रकच्या बाबतीत तो खरा नाही. त्याच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत, क्रँकशाफ्टच्या वर असतो. रेडिएटर व पुढची जाळी काढली, की तो समोरून सरळ बाहेर ओढता येतो.

कॅमचा उंचवटा झिजला, की व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. इंजिनाची ताकद घटते, टकटक सुरू होते आणि झीज एक्झॉस्टच्या बाजूची असल्यास कार्ब्युरेटरमधून फटफट ऐकू येते. डायल गेजने प्रत्येक पुशरॉडची उचल मोजल्यास दोष नेमका कोठे आहे, ते कळते.

खोलण्याचे काम कष्टाचे असले, तरी अवघड नाही. आधी कूलंटचे पाणी काढून टाकावे, अन्यथा इनटेक मॅनिफोल्ड उचलताच ते ऑइलमध्ये उतरते. त्यानंतर डिस्ट्रिब्युटर, पुशरॉड, टॅपेट आणि इंधन पंप काढावे लागतात. हार्मोनिक बॅलन्सर पुलरनेच काढावा. त्यावर हातोडा चालवण्याचा मोह महागात पडतो. टायमिंग कव्हर व चेन निघाल्यावर कॅमशाफ्टच्या तोंडाशी लांब बोल्ट बसवून त्यांचाच मुठीसारखा उपयोग करतात आणि शाफ्ट हळूहळू फिरवत बाहेर घेतात. येथे घाई नको. आतील पाच बेअरिंगांचा धातू मऊ असतो आणि उंचवट्याच्या धारेने त्यावर सहज ओरखडा उमटतो. बेअरिंग खराब झाल्यास मात्र इंजिन उतरवावेच लागते.

नव्या कॅमशाफ्टसोबत टॅपेटही नवेच हवेत. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि उंचवटा किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो व झीज एका जागी होत नाही. जुना टॅपेट जुन्या उंचवट्याशी जुळलेला असल्याने तो नव्यावर फिरत नाही आणि नवा कॅमही अल्पावधीत निकामी करतो.

जोडणीतील एक चकवा अनेकांना नडतो. चेनच्या दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर, म्हणजे वरच्या चक्राची खाली व खालच्या चक्राची वर, आणल्या की पहिला नव्हे, तर सहावा सिलिंडर प्रज्वलनाच्या स्थितीत असतो. क्रँकशाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवूनच डिस्ट्रिब्युटर पहिल्या सिलिंडरसाठी बसवावा. तसे न केल्यास इंजिन सुरू होत नाही, स्टार्टर घरघरत राहतो आणि उंचवट्यांवर लावलेला संरक्षक लेप पुसला जातो.

खरी कसोटी पहिल्या वीस-तीस मिनिटांची. या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांना मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या ऑइलचा आधार असतो. मंद गतीवर ते पुरेसे उडत नाही. म्हणून इंजिन सुरू होताच त्याची गती मिनिटाला सुमारे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर नेऊन तेथेच खालीवर ठेवतात. रेडिएटर भरलेला आणि इग्निशन जुळवलेले आधीच असावे, कारण मध्येच थांबणे परवडत नाही.

ऑइलची निवडही तितकीच निर्णायक आहे. झिंक व फॉस्फरस असलेले झेडडीडीपी हे मिश्रण धातूवर रक्षक थर धरते. मात्र फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. त्यामुळे २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम श्रेणीत ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. नव्या गाड्यांना ती मानवली. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांसाठी झिंक जास्त असलेले ब्रेक-इन ऑइल वेगळे घ्यावे लागते. ही पहिली धाव संपताच ऑइल व फिल्टर दोन्ही बदलतात. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून पाहिल्यास धातूचा कीस उतरला आहे का, हे लगेच दिसते.