अरण्यातला इस्राएल आणि तंजावरची मंडळी

मराठी माणसाला तंजावर ठाऊक असते ते भोसल्यांमुळे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथे राज्य स्थापले. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले आणि बृहदीश्वराच्या देवळात घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. याच सरफोजींवर लहानपणी मायेचे छत्र धरले ते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. राजे हिंदूच राहिले आणि गुरूवरची त्यांची भक्तीही अखेरपर्यंत टिकली. शिवगंगा उद्यानातल्या 1779 च्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेले संगमरवरी शिल्प आहे. त्यात मरणशय्येवरच्या श्वार्ट्झ यांचा हात सरफोजींनी हाती घेतला आहे. श्वार्ट्झ 1798 मध्ये वारले. त्यांनी वाढवलेल्या ख्रिस्ती मंडळीचे पुढे काय झाले, ही गोष्ट मात्र मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. इस्राएल लोक अरण्यात मोहाला कसे बळी पडले आणि आजच्या ख्रिस्ती माणसाने त्यातून काय घ्यावे, हे समजून घ्यायला मला हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते.

आधी मूळ कथांकडे वळू. निर्गम आणि गणना ही बायबलमधली पुस्तके ज्यांनी कधी उघडलेली नाहीत, अशा वाचकांनी बिचकू नये. कथा साधी आहे: मिसरातल्या गुलामगिरीतून सुटलेले लोक वचनदत्त देशाकडे निघतात आणि वाटेत पुन्हा पुन्हा घसरतात. त्यांचा नेता मोशे डोंगरावरून परतायला उशीर करतो, तेवढ्यात ते त्याचा भाऊ अहरोन याच्याकडून सोन्याचे वासरू ओतवून घेतात. शिट्टीम येथे मवाबी स्त्रियांच्या नादी लागून बआल-पौर या त्यांच्या देवाला नमन करतात. पाण्यावरून भांडतात, अन्नावरून कुरकुरतात.

यांपैकी गणनाच्या अकराव्या अध्यायापाशी तुम्ही जरा जास्त थांबावे, असे सुचवतो. तिथे मान्ना, म्हणजे अरण्यात देवाने पुरवलेले अन्न, कसा होता ते आपल्या स्वयंपाकघरातले वाटावे इतक्या बारकाव्याने सांगितले आहे. दाणा धण्याएवढा, लोक तो वेचून आणत, जात्यावर दळत किंवा उखळात कुटत, भांड्यात शिजवत, त्याच्या पोळ्या करत, चव तेलात केलेल्या पक्वान्नासारखी. म्हणजे पोट भरत होते. तरी त्यांना आठवण येते मिसरातल्या मासळीची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्याची आणि लसणीची. हे सगळे तिथे फुकट मिळत होते, असे ते म्हणतात. पाठीवर पडलेल्या चाबकाचा त्या यादीत उल्लेख नाही. मोह माणसाला दर वेळी नवे काहीतरी दाखवूनच ओढतो असे नाही. जिथून सुटलो त्या जागेची आठवण तो गोड करून दाखवतो, आणि ती आठवण आपलीच असल्यामुळे तिच्याविषयी संशय येत नाही.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात याच घटना एकामागून एक मांडल्या आहेत. त्याचा रोख बाहेरच्यांवर नाही. मेघाखाली सगळेच होते, समुद्रातून सगळेच पार झाले, एकच अन्न सगळ्यांनी खाल्ले, हे तो आधी ठसवतो. मग सांगतो की त्यांतले बहुतेक अरण्यातच पडले. आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने जपावे, हा त्याचा इशारा बाप्तिस्मा झालेल्या, प्रभुभोजनाला बसणाऱ्या लोकांना आहे.

आता तंजावर. श्वार्ट्झ यांचे शिष्य वेदनायकम शास्त्री (1774–1864) हे तमिळ ख्रिस्ती काव्यातले फार मोठे नाव. त्यांची ‘बेथलेहेम कुरवंजी’ प्रसिद्ध आहे. सरफोजींनी त्यांना बृहदीश्वरावरही तशीच रचना करायला सांगितली आणि शास्त्रींनी राजाश्रयाची पर्वा न करता नम्रपणे नकार दिला, असे त्यांच्या चरित्रपरंपरेत सांगतात. सोन्याच्या वासरापुढे न झुकणारा हा माणूस. पण याच मंडळीत वेल्लाळ या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीचे ख्रिस्ती एका बाजूला आणि दलित ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसत. 1820 च्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी ही बैठक मोडायला घेतली, तेव्हा शास्त्रींनी जातीच्या बाजूने लेखणी उचलली. जात हा लौकिक आचार आहे, श्रद्धेशी त्याचा संबंध नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या इतर तक्रारींत तथ्य होते हेही सांगायला हवे. सणाची फुले आणि तमिळ गीते यांवरही नव्या मिशनऱ्यांची वक्र दृष्टी होती. 1833 मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडण्याचा आदेश काढला. तंजावरची अनेक वेल्लाळ कुटुंबे मंडळीबाहेर पडली आणि पुढे काही जर्मन लुथरन मिशनकडे गेली.

मला यात शास्त्रींना खाली पाहायला लावायचे नाही. त्यांच्या भक्तीविषयी माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच त्यांचे उदाहरण बोलके आहे. उघड मूर्तिपूजेचा मोह त्यांनी ओळखला. मिसरचा कांदा मात्र त्यांना आपल्या घरचाच वाटला.

मराठीतही याची दुसरी बाजू दाखवणारे पुस्तक आहे, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाई मात्र बराच काळ सोवळे पाळत राहिल्या. मग एके दिवशी विचार करताना जात देवाने केलेली नाही हे त्यांना मनोमन पटले आणि तेव्हापासून त्यांनी कुणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यांनी पुढे घेतला. सोवळे आधीच सुटले होते.

एक सावधगिरी मात्र वाचकांनी बाळगावी. ‘ते इस्राएल लोक असे हट्टी’ असा सूर लावून या कथा वाचण्याची वाईट खोड ख्रिस्ती प्रवचनांना पूर्वापार आहे. हे सारे लिहून ठेवले ते इस्राएलांनीच. आपल्या पूर्वजांचे अपयश आपल्याच पवित्र शास्त्रात जपून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचणारा समाज विरळा. राजांच्या शिलालेखांत असे काही सहसा सापडत नाही. कोकणातले बेने इस्राएल ज्यू आपलेच मराठी शेजारी, त्यांनी तर या शास्त्रातल्या कथांवर मराठीतून कीर्तने केली. त्यांच्या ठेव्याला हात लावताना आपण पाहुणे आहोत, हे भान ठेवावे.

वाचनाचा क्रम विचाराल तर आधी गणना 11, मग निर्गम 32, मग गणना 25. त्यानंतर मत्तयाचा चौथा अध्याय घ्या. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकातली आहेत. इस्राएल जिथे अडखळला, त्याच धड्याच्या आधाराने येशू उभा राहिला. ओवीची गोडी असेल तर 1616 साली गोव्यात छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हाती घ्या. त्यातले ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचेच आहे. शेवटी पौलाचा दहावा अध्याय वाचा आणि तिथे थांबू नका. लगेच पुढच्या अध्यायात प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, म्हणून पौल संतापला आहे. हे दोन अध्याय सहसा वेगवेगळे वाचले जातात. तुम्ही ते एका बैठकीत वाचावेत, आणि शक्य झाल्यास आपल्या मंडळीतल्या अशा कुणाबरोबर, ज्याच्या घरी तुम्ही अजून जेवलेला नाहीत.