व्यवसायविक्री व स्पर्धाबंदीचा करार

मराठशाहींत जोशीपण किंवा कुळकरण विकलें जाई, तेव्हां आपणांस व आपल्या वंशजांस त्यांत आतां संबंध उरला नाहीं, असें विकणारा खरेदीपत्रांत लिहून देई. तथापि घेणाराचा एकाधिकार केवळ त्या वाक्यांतून उत्पन्न होत नसे. वतनाची हद्द ठरलेली असल्यामुळें तो विकल्या गेलेल्या वस्तूंतच असे. आजच्या दवाखान्यास अशी हद्द नाहीं. रोगी विश्वासाच्या डॉक्टरामागें जातो. म्हणून दवाखाना विकत घेणारा, विकणारानें जवळपास पुन्हां व्यवसाय मांडूं नये, असें लिहून घेतो. हें लिखित न्यायालयांत कितपत टिकतें, हें येथें पाहावयाचें आहे.

कल्याण-कर्जत लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक येतात. पैकीं उल्हासनगर हें कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांसाठीं १९४९ सालीं वसलें. आयुष्याची पुंजी घालून येथें दवाखाना घेणारास, विकणारा पुढच्याच स्थानकावर पाटी लावील ही भीति वाटणें स्वाभाविक आहे.

इंग्लंडांत १७११ च्या मिचेल विरुद्ध रेनॉल्ड्स या भटारखान्याच्या खटल्यापासून वाजवी व मर्यादित बंदी मान्य होत आली. १८७२ चा हिंदी कराराचा कायदा याहून कडक आहे. त्याच्या २७ व्या कलमान्वयें कोणासहि कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपुरता रद्द होय. बंदी अंशतः असली तरी ती वाचत नाहीं, असें कलकत्ता हायकोर्टानें १८७४ सालीं दोन दुकानदारांच्या खटल्यांत ठरविलें.

अपवाद एकच. धंद्याचा लौकिक, म्हणजे व्यापारी ज्यास गुडविल म्हणतात तो, विकणारास नमूद केलेल्या स्थलमर्यादेंत तसाच धंदा न करण्याचें वचन देतां येतें. मात्र घेणारानें किंवा त्याच्या हक्कदारानें तेथें धंदा चालू ठेविला पाहिजे, व ती मर्यादा धंद्याचें स्वरूप पाहतां न्यायालयास वाजवी वाटली पाहिजे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मूळ नियमांत 'पेशा' हा शब्द स्पष्ट आहे. अपवादांत फक्त 'धंदा' आहे. दवाखान्याची विक्री अपवादांत बसत नाहीं, असें म्हणणारास यांत आधार सांपडतो. उलट, लौकिकाचें मोल घेतलें तेथें तो धंदाच झाला, असाहि पक्ष मांडतां येतो. आणि मोल घेऊन वस्तु राखणें अन्याय्य असल्यामुळें आम्हांस हाच पक्ष सयुक्तिक वाटतो.

या वादांत दोन निकाल नेहमीं पुढें केले जातात. १८९८ सालीं मुंबई हायकोर्टानें झांझिबार येथील डॉक्टराच्या सहाय्यकास कराराच्या मुदतींत तेथें स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाई केली. दुसरा निकाल याच टापूंतला. शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यांतील एक पर्यवेक्षक पांच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यांत गेला. कल्याणच्या न्यायालयानें तशा कामास १५ मार्च १९६८ पर्यंत मनाई केली व २,४१० रुपये भरपाई दिली. १९६७ च्या जानेवारींत सुप्रीम कोर्टानें, न्या. शेलत यांच्या निकालपत्रान्वयें, ती मनाई कायम केली. परंतु हे दोन्ही करार नोकरीचे, व बंदी चालू मुदतीपुरती. विक्रीनंतरच्या बंदीस त्यांचा थेट आधार मिळत नाहीं.

सारांश, 'आसपास व्यवसाय करूं नये' एवढेंच लिहिणें धोक्याचें आहे. लौकिकाची विक्री झाली हें स्पष्ट लिहून गांव, स्थानक व अंतर नमूद करावें, आणि रोगी जेथून खरोखर येतात तेवढीच मर्यादा ठेवावी. उल्हासनगरच्या लहानशा दवाखान्यासाठीं बदलापूरपर्यंत बंदी मागणारा बहुधा अंबरनाथहि गमावील. जुन्या वतनदारास जी हद्द आयती मिळे, ती आजच्या घेणारास कागदावर आंखून घ्यावी लागते.