बुद्धिबळ-संघटना आणि लुप्त परिभाषा

प्रांतिक बुद्धिबळ-संघटनेचे वार्षिक कार्य स्पर्धा, निवड व हिशेब एवढेच नव्हे. नियमांचे एकीकरण हेही होय. देशी पद्धतीत सामान्यतः प्यादे आरंभीही एकच घर चाले, राजास एकदा घोड्याची चाल मिळे. एकटा राजा उरल्यास 'बुर्जी' होऊन डाव बरोबरीत सुटे. १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५५ च्या एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. अशा स्पर्धेस खेळाडू पाठवावयाचे तर प्रांतोप्रांती नियम एकच हवेत. परिणामी 'प्यादे', 'राजा' हे शब्द टिकले, त्यांच्या चाली बदलल्या. 'बुर्जी' मात्र व्यवहारातून गेली. संघटनांनी इतिवृत्तांत ही परिभाषाही नोंदवावी. अन्यथा जुन्या डावांचा अर्थ लावणे दुर्घट होईल.