जहाजांवरील सांकेतिक निशाणे

जहाजावरील निशाणांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. जहाजाच्या मागील टोकाला फडकणारा राष्ट्रीय बावटा त्याची नोंदणी कोणत्या देशात झाली आहे हे सांगतो, तर डोलकाठीवर दोरीने चढवली जाणारी सांकेतिक निशाणे दुसऱ्या जहाजाला किंवा किनाऱ्याला निरोप देतात. यांपैकी दुसऱ्या प्रकाराचा इतिहास अधिक उद्बोधक आहे.

सतराव्या शतकातील युरोपीय आरमारांत निशाणाचा अर्थ ते कोणत्या डोलकाठीवर लावले आहे यावरही अवलंबून असे, त्यामुळे सेनापतीला आधी ठरलेले मोजकेच हुकूम देता येत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲडमिरल हाउ यांनी ब्रिटिश आरमारात अंकदर्शक निशाणांची पद्धत रुळवली, म्हणजे प्रत्येक निशाणाला एक अंक देऊन त्यांतून बनणाऱ्या संख्येचा अर्थ संकेतपुस्तकात नोंदवला. सर होम पॉपम यांनी १८०० साली याच अंकांना शब्दांची जोड दिली आणि समुद्रावर प्रथमच हवे ते वाक्य रचता येऊ लागले.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईपूर्वी, प्रत्येकाने आपले कर्तव्य बजावावे अशी इंग्लंडची अपेक्षा आहे, हा ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याचा संदेश त्याच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावरून याच पद्धतीने दिला गेला. त्यातील आठ शब्द पुस्तकात असल्याने प्रत्येकासाठी तीन निशाणे पुरली. ‘कर्तव्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मात्र नव्हता, म्हणून त्याची चार अक्षरे एकेक करून चढवावी लागली आणि एकूण बारा खेपांत एकतीस निशाणे लागली. यांतील एका शब्दाचा क्रमांक २२० होता, म्हणजे त्यात दोन हा अंक दोनदा येत होता. एकाच अंकाचे निशाण पुन्हा लावण्यासाठी दुसरा संच बाळगावा लागू नये म्हणून तेथे ‘वरच्या निशाणाची पुनरुक्ती’ असा अर्थ असलेले बदली निशाण लावत, आणि या साऱ्या रचनेतील सर्वांत कल्पक भाग हाच म्हणावा लागेल.

व्यापारी जहाजांसाठी कॅप्टन मॅरियट यांनी १८१७ मध्ये संकेतावली तयार केली, तर १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारने अठरा निशाणांची संकेतावली प्रसिद्ध केली. १९६९ पासून अमलात असलेल्या आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत अक्षरांची सव्वीस निशाणे, अंकांच्या दहा निमुळत्या पताका, तीन बदली निशाणे आणि संदेश पोचल्याची एक पताका, अशी एकूण चाळीस आहेत. तिचा खरा मोठेपणा असा की भाषा न जुळणाऱ्या खलाशांनाही एकमेकांचा आशय कळतो.

यांतील पिवळ्या निशाणाचा अर्थ काळाबरोबर पालटला. पूर्वी ते साथीच्या रोगाची आणि विलग्नवासाची, म्हणजे जहाज किनाऱ्यापासून दूर रोखून ठेवण्याची, खूण मानले जाई. आज तेच निशाण चढवणारे जहाज आपल्यावरील सर्वजण निरोगी असल्याचे जाहीर करून बंदरात व्यवहार करण्याची परवानगी मागते.