मुंबईतलं परकं बिऱ्हाड

मंडळी, व्हिसाची टांगती तलवार, नवी भाषा, आजारपणात जवळचं माणूस नसणं आणि "मुलांचं पुढे काय?" हे आपले नेहमीचे विषय. हेच सगळं उलट्या दिशेने सोसलेली काही कुटुंबं दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेली. ती अमेरिकेतून आपल्याकडे आली, मराठी शिकली आणि त्यांची मुलंबाळं आपल्या मुंबई-नगरात जन्मली. मिशनरी म्हणून त्यांच्याबद्दल आपण थोडंफार वाचलेलं असतं. आज त्यांच्याकडे संसार मांडणारे आईबाप म्हणून बघूया. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

फेब्रुवारी १८१२. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम बंदरातून 'कॅराव्हॅन' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. त्यावर हॅरिएट न्यूएल ही अठरा वर्षांची मुलगी होती. लग्नाला जेमतेम दहा दिवस झालेले. नवरा सॅम्युएल न्यूएल हा अमेरिकेच्या पहिल्या परदेशी मिशनचा माणूस. त्याच मिशनचे गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि त्याची बायको रोक्साना दुसऱ्या जहाजाने फिलाडेल्फियाहून निघाले होते. सुएझ कालवा अजून सत्तावन्न वर्षं दूर होता. आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून चार-चार महिने बोटीवर काढायचे.

जूनमध्ये न्यूएल पती-पत्नी कलकत्त्याला उतरले आणि लगेच हुकूम आला, परत जा. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला होता. धर्मात ढवळाढवळ झाली तर लोक बिथरतील आणि आपला व्यापार बुडेल, ही कंपनीची भीती. त्यात याच जून महिन्यात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये युद्ध सुरू झालं, म्हणजे ही मंडळी आता शत्रुराष्ट्राचे नागरिक. आपल्यापैकी ज्यांचा परवाना कधी अडकलाय, त्यांना या परिस्थितीची चव वेगळी सांगायला नको.

मग जिथे जहाज मिळेल तिथे जाणं आलं. न्यूएल जोडपं मॉरिशसला निघालं. हॅरिएट तेव्हा गरोदर होती. वाटेत बोटीवरच तिला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. पोर्ट लुईला पोचल्यावर हॅरिएट क्षयाने अंथरुणाला खिळली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी वारली. वय एकोणीस. तिची कबर तिथेच आहे. मॉरिशसच्या मराठी मंडळींनो, पुढे ज्या बेटावर आपल्या कोकणातले लोक मजूर म्हणून आले, त्याच बेटावर ही अमेरिकन मुलगी त्यांच्या आधी कायमची राहिली.

हॉल आणि नॉट दांपत्याने मुंबई गाठली, ११ फेब्रुवारी १८१३ रोजी. इथेही तेच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वभावाने सज्जन, पण कलकत्त्याहून हुकूम होता की यांना इंग्लंडला रवाना करा. हॉल आणि नॉट लहान बोटीने गुपचूप दक्षिणेकडे निघाले, तर कोचीनला सापडले आणि परत आणले गेले. शेवटी हॉलने नेपियनना एक कळकळीचं पत्र लिहिलं आणि हकालपट्टी थांबली. तिकडे इंग्लंडच्या पार्लमेंटने १८१३ चा सनदी कायदा केला होता, त्यात मिशनऱ्यांना दार उघडं झालं. जवळजवळ वर्षभर हे लोक एका गाठोड्यावर बसून होते म्हणा ना. सामान पूर्ण उघडायचं की नाही, हेच ठरत नव्हतं.

परवानगी मिळाली, पण हवा सोसेना. नॉट पती-पत्नी १८१५ मध्ये तब्येतीपायी परत गेले. एकटा पडलेला सॅम्युएल न्यूएल १८१४ मध्ये सिलोनमार्गे मुंबईला आला होता. १८२१ मध्ये त्याला कॉलऱ्याने नेलं. म्हणजे सुरुवातीच्या पाच जणांपैकी आठ-नऊ वर्षांनी मुंबईत उरला एकटा गॉर्डन हॉल.

या हॉलने मराठी शिकली. धड शब्दकोश नाही, व्याकरणाची पुस्तकं अगदी तुटपुंजी. पंडिताकडून शिकायचं आणि मग बाजारात, देवळापाशी, रस्त्यावर जाऊन बोलायचं. लोक हसणार, वाद घालणार, त्यातूनच कान तयार होणार. १८१७ मध्ये या मिशनचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि मराठीत छपाई होऊ लागली. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात काही लपवाछपवी नाही. त्यावरून वादही झाले. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले, ते प्रसिद्धच आहेत. पण हॉलच्या तेरा वर्षांत धर्मांतरं झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

१८१६ मध्ये हॉलने मार्गारेट ल्युइस या इंग्रज बाईशी लग्न केलं. मुलं झाली. आणि मग तो प्रश्न आला, जो आपल्याही घरात कधी ना कधी येतो. मुलांनी वाढायचं कुठे?

इथे एक गंमत आहे. आपण मुलांना मराठी यावी म्हणून रविवारच्या शाळेत घेऊन जातो, आजीशी व्हिडिओ कॉल लावून देतो. या आईबापांची काळजी नेमकी उलटी. आया, नोकरचाकर आणि अंगणातली पोरं यांच्याकडून मुलं इथली भाषा भराभर उचलत. घरात इंग्रजी, बाहेर मराठी. आपली मुलं इथलीच झाली तर? याचं त्यांना दडपण होतं. त्यात कॉलरा आणि ताप. म्हणून मिशनरी घरांमध्ये एक रीतच पडली, मूल थोडं मोठं झालं की त्याला 'मायदेशी' पाठवायचं, नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात. पुन्हा भेट दहा वर्षांनी किंवा कधीच नाही. १९०१ मध्ये कोडाईकनालला अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा कुठे या ताटातुटीला जवळचा पर्याय मिळाला.

१८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, मुलांच्या प्रकृतीसाठी. ती स्वतः इंग्रज, तेव्हा अमेरिका तिलाही परकीच. हॉल कामासाठी मागे राहिला. दोघांपैकी एक मुलगा वाटेत समुद्रातच गेला. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिककडे गेला असताना तिथे कॉलऱ्याची साथ होती. जवळचं औषध त्याने लोकांना वाटलं. परतीच्या वाटेवर त्यालाच लागण झाली आणि २० मार्चला एका गावातल्या देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. वय एकेचाळीस. परदेशी पाद्री, आणि शेवटचा आसरा देवळाचा. बायको आणि उरलेला मुलगा अर्ध्या जगापलीकडे. बातमी पोचायलाच काही महिने लागायचे. मुंबईत जन्मलेला तो मुलगा, त्याचंही नाव गॉर्डन, पुढे मॅसॅच्युसेट्समध्येच पाद्री झाला.

आता दुसरं घर बघा. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना १८३९ मध्ये मुंबईला आले. १८५४ मध्ये रॉबर्ट आजारी पडला आणि मायदेशी जाताना वाटेतच वारला. हॅनाने मुलांना अमेरिकेत वाढवलं. त्यातला रॉबर्ट ॲलन १८४७ मध्ये भायखळ्याला जन्मलेला. सातव्या वर्षी भारत सुटला, पुढे येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, आपण होऊन अहमदनगरला परत आला. तिथे त्याने जवळजवळ पन्नास वर्षं काढली. भाऊ एडवर्डही मुंबईत येऊन राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये नगरचं जे मिशनचं जग भेटतं, ते या ह्यूमच्या काळातलं. पुढच्या पिढीत एडवर्डचा नगरला जन्मलेला मुलगा डॉक्टर झाला आणि चीनमध्ये चांगशा इथे त्याने रुग्णालय उभारलं.

दोन्ही घरांची सुरुवात सारखीच. बाप गमावलेला, आईने परक्या वाटणाऱ्या देशात वाढवलेलं, जन्म मुंबईचा. एका घरातला मुलगा तिकडचाच झाला. दुसऱ्या घरातले दोघे परत आले. आईबापांनी काळजी दोन्हीकडे तेवढीच केली असणार, पण मुलांचा 'मायदेश' कुठला हे शेवटी मुलांनीच ठरवलं, तेही आईबापांच्या हयातीत किंवा त्यानंतर, पंचवीस-तीस वर्षांनी.

म्हणून मला वाटतं, घरात मराठी बोलत राहावं ते मूल परत जाईल या हिशेबाने नव्हे. त्याला उद्या परत वळावंसं वाटलंच, तर भाषेचं दार बंद नसावं एवढ्यासाठी. सात वर्षांच्या रॉबर्टच्या कानात भायखळ्याची किती मराठी शिल्लक राहिली असेल कोण जाणे, पण सत्ताविसाव्या वर्षी नगरच्या रस्त्यावर उतरला तेव्हा तो अगदीच अनोळखी गावात आला नव्हता.

तुमच्याकडे कसं आहे? मुलं "आपलं घर" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं घर असतं? कधी विचारलंय का त्यांना? विचारून बघा, आणि जमलं तर खाली लिहा.