वास एक, जाती अनेक

लोणावळ्याजवळच्या कुसगावापासून वडगावापर्यंतचा मावळ म्हणजे भाताचा मुलूख. येथे दोन सुवासिक नावे घरोघर ऐकू येतात : आंबेमोहर आणि इंद्रायणी. आंबेमोहर जुना, उंच वाढणारा, पण उतारा कमी देणारा. इंद्रायणी हे त्याचेच अपत्य. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून ही जात निपजली व १९८७ मध्ये ती प्रसारित झाली. आंबेमोहराला भाव अधिक, म्हणून दुसराच वासाचा तांदूळ त्या नावाने खपवण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. त्यात नुकसान खऱ्या आंबेमोहराच्या शेतकऱ्याचे. मग पोत्यातला तांदूळ कोणता, हे रसायनशास्त्र सांगू शकेल काय?

आधी वासच घेऊ. १९८२ मध्ये बटरी, लिंग व जुलियानो यांनी सुवासिक भाताच्या वासातला मुख्य रेणू शोधला : २-ॲसिटिल-१-पायरोलिन. पाण्यात अब्जात दशांश भाग असला तरी तो आपल्या नाकाला कळतो. गंमत अशी, की साध्या तांदळातही तो असतो, फक्त सुमारे दशांश प्रमाणात. बासमतीत तोच, आंबेमोहरातही तोच. केवड्याच्या कुळातील ज्या पानांनी साध्या भाताला वास आणतात, त्यांतही तोच! शिवाय साठवणीत तो उडून जातो. तेव्हा वासावरून जातीचे नाव ठरत नाही.

दुसरी साक्ष पिष्टाची. आयोडीनने पिष्ट निळे होते, हे १८१४ पासून ठाऊक आहे. हा गडद निळा रंग अमायलोजचा. अमायलोपेक्टिनचा रंग तांबूस-जांभळा येतो. रंगाची तीव्रता मोजून अमायलोजचे प्रमाण काढता येते. आय.आर.-८ मध्ये ते २५ टक्क्यांहून अधिक, म्हणून त्याचा भात निवल्यावर टणक होतो. प्रमाण कमी असेल तर भात मऊ व चिकट होतो.

तिसरी परीक्षा १९५८ मधील. पॉलिश केलेले दाणे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात २३ तास ठेवायचे. काही जातींचे दाणे जसेच्या तसे राहतात, काहींचे फुगून विरघळतात. पिष्ट किती तापमानाला शिजू लागते, याचा अंदाज त्यावरून येतो.

या परीक्षांचे स्वरूप रक्तगटासारखे आहे. रक्तगट जुळला नाही, तर ‘हा तो माणूस नव्हे’ असे ठामपणे म्हणता येते. जुळला, तर ‘हाच तो’ असे म्हणता येत नाही. तीन परीक्षा एकत्र केल्या की संशयितांची यादी आखडते, पण एकच नाव उरेल याची हमी नसते.

मग जनुकाकडे वळावे, तर तेथेही तीच अडचण. २००५ मध्ये सुगंधाचे जनुक सापडले; आठव्या गुणसूत्रावरील या जनुकातला आठ अक्षरांचा तुकडा गळाला, की भात सुवासिक होतो. पण हीच खूण असंख्य सुवासिक जातींत आहे. म्हणून आता डीएनएवरच्या अनेक ठिकाणच्या खुणा एकत्र ताडून पाहतात. खात्रीचा नमुना शेजारी ठेवून जुळणी केली, तरच नाव घेता येते.

वर्गात आयोडीनचा प्रयोग जरूर करावा. मात्र विद्यार्थ्यांना विचारावे : या रंगाने नेमके काय सिद्ध झाले, आणि काय झाले नाही?